चौथी खोली

“चारही बघितले, साफ आहे,” बेसिनपाशी हात धुता धुता मुलगा म्हणाला, आणि तिच्या हातातला डाव भातातच उभा राहिला.

बोलण्यात वावगं काही नव्हतं. तीन दिवस तो कारखान्यात पडीक होता. मोठ्या भट्टीच्या चार बर्नरना त्यानं ज्योतीवर नजर ठेवणारे चार नवे डोळे बसवले होते, दुपारी चारला भट्टी पेटायची होती, आणि मधल्या वेळात तो घरी जेवायला आला होता. काम झालं की माणूस असं म्हणतोच. पण तिचा कान शब्दावर नव्हता, शब्दाच्या शेपटावर होता. ‘साफ’ म्हणताना त्याचा आवाज शेवटी जरासा वर उचलला गेला. एखादा पाहुणा उंबऱ्यावरूनच ‘बरं आहे ना सगळं’ म्हणतो आणि उत्तराच्या आधीच पाठ फिरवतो, तसा. चारांतले तीन खरे होते. चौथा त्यानं वरून लावला होता. हे तिला लख्ख कळलं. हा आवाज त्यानं बापाकडून उचलला नव्हता, शाळेतून नव्हता, कारखान्यातून तर नव्हताच. हा तिचा होता. तेहेतीस वर्षांत तिनं तो पुन्हा काढला नव्हता, आणि आता तो तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच पोराच्या तोंडून निघून टॉवेलनं हात पुसत उभा होता.

“वाढतेस ना,” मुलगा म्हणाला. ती वाढू लागली. सून समोर बसली होती, पाठ खुर्चीला न टेकवता, बस यायची वाट बघत असल्यासारखी. सून दवाखान्याच्या खिडकीवर बसून आजारी माणसांची नावं लिहून घ्यायची, आणि घरातही सगळ्यांकडे ‘पुढचा’ म्हणायच्या बेतानं बघायची. या घरात एक नियम होता. मुलगा आल्याशिवाय म्हातारी जेवत नसे. नियम कुणी काढला, कधी काढला, कुणाला आठवत नव्हतं, पण दोघांचं लग्न, सुट्ट्या, पाहुणे, आजारपणं सगळं त्या एका नियमाच्या खुंटीला बांधलेलं होतं. आज सकाळी सून म्हणाली होती, त्यांना उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या, तुमची गोळी असते. गोळीचं नाव पुढे करून ही मला माझ्या पानावरून उठवते, असं म्हातारीच्या डोक्यात बसलं, आणि एकदा बसलं की तिथून उठायची पद्धत तिच्या डोक्यात नव्हती. तिनं मुलाला फोन लावला. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फक्त एवढंच म्हणाली, मी उपाशी आहे, तुझं चालू दे. तो वीस मिनिटांत घरी आला होता. तो जिना चढताना ऐकू आला तेव्हा तिनं सुनेकडे बघितलं होतं, बघ म्हणावं. आता त्या जिंकण्याची चव तोंडात फिरून आली आणि तुरट लागली.

भट्टीच्या डोळ्यांचं सगळं तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी त्यानंच याच टेबलावर, तिला अंडी सोलायला बसवून, सांगितलं होतं. मूडमध्ये असला की तो छान सांगायचा. म्हणाला, पूर्वी भट्टी साध्या गॅसवर चालायची, त्याची ज्योत पिवळी-निळी, कुणालाही दिसेल अशी. ज्योतीत एक सळई उभी असायची, ज्योत आहे की विझली ते त्या सळईला कळायचं. आता आला हायड्रोजन. याच्या ज्योतीत ती सळई बहिरी होते, आणि उजेडात माणसाला तर ज्योत दिसतच नाही. म्हणून हे नवे डोळे, माणसाला न दिसणारा किरण पकडणारे. ज्योत विझली की डोळा गप्प होतो, आणि गॅसची झडप बंद होते. नाही बंद झाली तर गॅस आत साठतो, आणि पुढच्या ठिणगीला भट्टी छपरासकट उठते. मग त्यानं अंड्याचं टरफल बोटावर टोपीसारखं घातलं आणि म्हणाला, आंधळा डोळा परवडतो आई, त्याला काही दिसत नाही म्हणून तो भट्टी बंद ठेवतो, साहेब शिव्या घालतो, संपलं. वाईट तो, ज्याला एकदा आग दाखवली की अंधारातही आगच दिसत राहते. दहा हजारांत एखादा निघतो तसा. म्हणून प्रत्येकाला आधी चाचणीचा दिवा दाखवायचा, मग वर झाकण घालायचं आणि बघायचं, गप्प बसतो का. ती तेव्हा म्हणाली होती, म्हणजे तुमच्या डोळ्याला डोळे मिटायला शिकवावं लागतं. तो हसला होता. सूनसुद्धा हसली होती, आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन उठून गेली होती.

तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. हा गॅस ती त्याच्या जन्माआधीपासून ओळखत होती. तेव्हा कारखाना म्हणजे चार खोल्यांची एक लांबट शेड होती, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं, आणि प्रत्येक खोलीत बाकावर बर्नर, ज्यावर कारागीर कठीण काचेच्या नळ्या मेणासारख्या वाकवायचे. भिंतीवरून हायड्रोजनचा पाइप गेलेला. पाइपाचा एखादा सांधा रात्रीत सैल व्हायचा, गॅस गळायचा, आणि गळलेला हा गॅस कशानंही पेटतो, नुसत्या घासण्यानं, धुळीनं. पेटला तरी दिसत नाही, आणि शेकही देत नाही. भल्यामोठ्या चुलीजवळ गेलं की तोंड तापतं, तसं इथे काही नाही. तुम्ही त्याच्यात शिरेपर्यंत तो तुम्हाला कळू देत नाही. म्हणून रोज सकाळी, कुणीही आत जायच्या आधी, ती जायची. हातात वाळल्या गवताचा लांब झाडू, केरासाठी नव्हे, पुढे धरायला. हात ताणून, भिंतीच्या कडेकडेनं, पाइपाच्या खालून वर, झाडूचं टोक हवेत फिरवत एकेक पाऊल. जिथं टोक आपोआप काळं पडून वळलं आणि पेटलं तिथं आग. मग मागे सरकायचं, मोठी झडप बंद करायची, फिटरला हाक मारायची. काही नसलं तर खोलीच्या टोकाशी उभं राहून ओरडायचं, साफ. चार खोल्या, चार हाका. बाहेर पुरुषमाणसं चहाचे पेले घेऊन उभी असत, ती चौथ्या हाकेनंतर हलत. तिला कारखान्यात सगळे साफबाई म्हणायचे. बाराजण होते तेव्हा, काही शिकलेले, एकदोघं तर परीक्षा देऊन आलेले, आणि बाराचे बारा तिच्या तोंडाकडे बघत ताटकळायचे. पाटीवरची अक्षरं तिला एकेक करून जुळवावी लागायची, पण रोज सकाळी पाऊण तास त्या शेडमध्ये तिच्या शब्दाबाहेर कुणाची पापणी हलत नव्हती. कधी कधी तर झाडूच्या आधी कानाला कळायचं. गळती असेल तिथं बारीक शीळ यायची, दातांच्या फटीतून हवा काढावी तशी. सकाळची शांतता असली तरच ऐकू यायची. तीस वर्षं तिनं ते केलं. मग कुठून तरी गळती हुंगणारे डबे आले, भिंतीवर बसले, आणि तिला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ तिसऱ्या महिन्यात बंद पडलं, आणि तिला आतून गार वाटलं.

“चौथा झाकून बघितलास?” तिनं विचारलं.

मुलगा घास चावत होता. चावायचा थांबला, मग पुन्हा चावू लागला. “कुठला चौथा?”

“तिसऱ्याच्या पुढचा. मला चारापर्यंत मोजता येतं.”

“नवा कोरा आहे, आई. डब्यातून काढला, बसवला, हिरवा दिवा लागला.”

“दिवा दाखवून, वर झाकण घालून, गप्प बसतो का ते बघितलंस?”

सुनेनं मान वर केली. मुलानं पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्याला, आणि मग जे बोलू लागला ते ग्लासाकडे बघत. चौथा बर्नर भिंतीच्या मागे आहे. तिथं पाइपांखालून पोटावर सरपटत जावं लागतं, चाचणीचा दिवा दातात धरून. बसवला तेव्हा तो एकदा जाऊन आलाच होता. चाचणीला पुन्हा शिरणार एवढ्यात खिशात फोन वाजला, मग पुन्हा वाजला. “तिसऱ्यांदा कुणी केला होता? उपाशी आहे म्हणे.” कागदावर चार चौकोन होते, त्यानं चारांत खूण केली, खाली सही केली आणि निघाला. आता परत जाऊन काय सांगू, सही खोटी आहे? दहा हजारांत एक निघतो, तो आजच, माझ्याच हातात, चौथ्याच जागी येणार आहे का? तुझा झाडू गेला आई, दहा वर्षं झाली, आता तरी भिंतीवरून उतरव. तो इतकं एका दमात बोलला आणि मग, जणू ताटात शेवटचं काही उरलं होतं ते पुसून घ्यावं तसं, म्हणाला, “आणि मी काही बाबा नाही, ढोसून कामावर जायला.”

हे वाक्य तिनंच त्याला भरवलेलं होतं. लहानपणी, घासागणिक.

तो उठून आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. साडेतीनला उठव, म्हणाला, भट्टी पेटताना साहेबाला मी समोर हवा असतो. घड्याळात दोन वाजून दहा झाले होते. सून ताटं उचलू लागली, एकावर एक, आवाज होईल अशी. तिचा धाकटा भाऊ त्याच भट्टीवर कामाला होता. म्हातारीनंच त्याला कित्येकदा जेवताना ऐकवलं होतं, बहिणीच्या जिवावर नोकरी, मेव्हण्याच्या जिवावर जेवण, तुझं स्वतःचं असं नाक तेवढं. आता ती सुनेला म्हणाली, तुझ्या भावाला फोन कर, चार वाजता भट्टीजवळ थांबू नको म्हणावं. सुनेनं नळ बंद केला. सून म्हणाली, भट्टीवर सहाजण असतात, बाकी पाचांना कोण फोन करणार, त्यांच्या बहिणी? मग हात पुसत, फार हळू आवाजात, जो ओरडण्यापेक्षा वाईट असतो, “तो डोळा बिघडलेलाच आहे, हे तुम्हाला कशावरून माहीत? की नुसतं बोलायचं म्हणून बोलताय, नेहमीसारखं?” म्हातारी म्हणाली, आवाजावरून कळतं. सून म्हणाली, आवाजावरून. आणि पुन्हा नळ सोडला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ती तोंडानं म्हणाली नाही, पण तिच्या पाठीवर ते लिहिलेलं म्हातारीला एकेक अक्षर न जुळवता वाचता आलं. सहाजण. ती खिडकीशी जाऊन बसली. खालच्या रस्त्यावर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता, आणि शिडीचं मागचं टोक लोकांच्या डोक्यांपासून वीतभर अंतरावरून जात होतं, त्याच्या गावीही नव्हतं.

तेहेतीस वर्षांपूर्वी, त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याची बहीण आली होती. कारखान्याच्या दारावर साहेबानं एक नवी पाटी लावली होती आणि ती त्या पाटीवर काय लिहिलंय ते नणंदेला सांगत होती, अक्षर अक्षर आठवून, आणि चुकली. नवरा हसला. वाईट हसला नाही, नेहमीच हसायचा तसा हसला, आणि बहिणीला म्हणाला, हिला आग दिसते, अक्षर दिसत नाही. बास, एवढंच. नणंद गेल्यावर ती त्याच्याशी बोलली नाही, रात्रभर नाही, सकाळी नाही. दोघं कारखान्यात वेगवेगळी गेली. चौथी खोली नवऱ्याची होती. काटकोनात वळलेली, बाक आडोशाला, आणि अंगणातून आत यायला त्याला तिथं वेगळं मागचं दार होतं, तिथंच उभा राहून तो एकटा हाकेची वाट बघायचा. तिनं पहिली खोली बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली, प्रत्येकीच्या टोकाशी ओरडली. मग चौथीच्या उंबऱ्याशी आली. तिथून त्याचं स्टूल दिसत होतं आणि खिळ्याला अडकवलेला त्याचा रुमाल, ज्याला त्याच्या मानेच्या घामाचा वास यायचा. तो रुमाल बघून तिला इतका राग आला की उंबऱ्यावर पाय उचलेना. याच्या खोलीत मी पाऊल टाकायचं, याच्यासाठी झाडू फिरवायचा, आणि यानं बहिणीपुढे दात काढायचे. ती तिथंच उभी राहिली. आणि उंबऱ्यावरूनच म्हणाली, साफ. शेवटी आवाज जरासा वर गेला, तो तिच्या स्वतःच्याच कानाला लागला. ती वळली, आणि वळता वळता मागून किंकाळी आली.

उजवा हात. झडप उघडायला पुढे केलेला हात त्या न दिसणाऱ्या झोताच्या मधोमध गेला होता. बाही पेटली तेव्हा कुठे पिवळं दिसलं. बोटं वाचली, पण चार बोटांची एक झाली, अंगठा तेवढा वेगळा राहिला. दवाखान्यात साहेब कागद घेऊन आला, म्हणाला, कसं झालं? ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या तोंडात एकच शब्द होता आणि तो बाहेर येत नव्हता. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, फार वेळ नाही, तापलेल्या तव्याला पाण्याचा थेंब लागतो तेवढंच, आणि साहेबाला म्हणाला, मोजण्यात चूक केली, तिसरी हाक चौथी समजलो आणि आत शिरलो. समोरच्या दाराशी चहा पिणाऱ्या अकराजणांना कुणी विचारलं, हाका किती ऐकल्या, तर कुणालाच सांगता येईना. हाका कोण मोजतंय. साहेबानं लिहून घेतलं. बाहेर कुणी तरी म्हणालं, सकाळी सकाळी तीन आणि चारातला फरक कळेना, म्हणजे रात्रीची उतरली नसणार. तो महिन्यातून एखादवेळ प्यायचा, खोटं नव्हतं. त्या दिवशी प्यायलेला नव्हता. तिनं ऐकलं आणि गप्प राहिली. सहा महिन्यांत ती स्वतः ते म्हणू लागली. वर्षभरात तर तिनं त्यावर मीठमसाला चढवला, आणि साफबाईचा झाडू कधी चुकला नाही, हे वाक्य कारखान्यात म्हणीसारखं झालं.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं दाढी करायचा, फाटकाशी पहारा करायची नोकरी साहेबानं दिली होती. ती अकरा वर्षं तिनं त्याला एक दिवस सुखानं बसू दिलं नाही. भात सांडला तर बोलायची, बटण लागलं नाही तर बोलायची. लोकांना वाटायचं, थोट्या नवऱ्याचं करून करून बाई करपली. तसं काही नव्हतं. त्यानं तिला वाचवलं होतं, तिला न विचारता, ते तिला सहन होत नव्हतं. तो एकदा जरी म्हणाला असता, तू केलंस, तर तिनं त्याचे पाय धरले असते, किंवा निदान डोळे वटारून भांडली असती आणि संपलं असतं. पण तो म्हणालाच नाही. कधी दारूच्या भरात नाही, तापात नाही, मरताना नाही. रात्री पाठीला पाठ लावून झोपताना ती वाट बघायची, आता म्हणेल. तो घोरायचा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते त्याच्याबद्दल खरं की तिच्याबद्दल, याचा निकाल तिनं कधी लावला नाही. आणि मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा, मग सहाचा, मग सोळाचा, तिच्या ताटातून जेवत, तिच्या डोळ्यांनी बापाकडे बघत मोठा झाला. बापाच्या त्या हाताला तो कधी शिवला नाही. बाप गेला तेव्हा रडला नाही. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही, आणि लोक म्हणायचे, बाईनं पोर काय वाढवलं.

तीन वाजून पाच. इथून कारखान्यापर्यंत वीस मिनिटं, आणि भिंतीमागे सरपटत जाऊन चाचणी करायला वर अर्धा तास. म्हणजे आत्ता, किंवा नाही. तिनं मनाशी म्हणून बघितलं, नवा कोरा आहे, दहा हजारांत एक. म्हणून बघितलं, आपण म्हातारे झालो, कानाला काहीही वाटतं. स्वयंपाकघरात सून भावाला फोन लावत होती, पलीकडे वाजत होतं आणि कुणी उचलत नव्हतं, भट्टीवर फोन बाहेर ठेवावे लागतात. म्हातारीला वाटलं, याला दुसरं काही सांगता येईल. छातीत दुखतंय म्हणावं. स्वप्न पडलं म्हणावं. तेवढ्यानं तो उठेल, दवाखान्यात नेईल, कारखान्यात जाणार नाही. आपल्या पोराला आपण कुठल्या दोरीनं ओढायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण त्या दोरीनं तो तिच्याकडेच यायचा. त्या भट्टीमागे पोटावर सरपटत जायला त्याला दुसरी दोरी लागणार होती, आणि ती एकच होती, आणि तिचं दुसरं टोक तिच्या गळ्यात होतं. ती उठली. गुडघे बोलले. तिनं आतल्या खोलीचं दार लोटलं आणि, त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, उंबरा ओलांडून पार त्याच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली.

“तुझा बाप त्या दिवशी प्यायलेला नव्हता,” ती म्हणाली.

“झोपू दे, आई.”

“त्याची मोजण्यात चूक झाली नाही. मी चौथ्यांदा साफ म्हटलं होतं. खोली न बघता म्हटलं होतं.”

तो उताणा होता. डोळे उघडले, छताकडेच ठेवले. स्वयंपाकघरातला नळ केव्हाच बंद झाला होता.

“का?”

“भांडण होतं.”

“कशावरून?”

“मला वाचता येत नाही म्हणून हसला होता.”

“एवढ्यावरून,” तो म्हणाला.

“एवढ्यावरूनच. तुझं तर जेवणावरून आहे.”

तो उठून बसला. त्याच्या तोंडाकडे तिनं बघितलं तेव्हा तिला वाटलं, हा आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण तो पँटच्या खिशात किल्ली चाचपत होता, उजव्या हातानं, मग ती सापडली तरी चाचपत राहिला. बाबांना माहीत होतं का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार. तो तिच्या अंगाला अंग लागू न देता, भिंतीला घासून, दारातून बाहेर पडला. जिन्यावर त्याची पावलं एकदा थांबली. वर येईल असं तिला वाटलं. मग ती भराभर खाली गेली.

दारामागे सून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नाही असं दाखवायचेही कष्ट घेतले नाहीत. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या, मधे फोन. साडेतीन. पावणेचार. म्हातारीला एवढ्या वर्षांत या बाईशी बोलायला विषय लागला नव्हता, तोंड उघडलं की सापडायचा. आज एकही सापडेना. चार वाजले तेव्हा दोघींनी खिडकीकडे बघितलं, कारखाना त्या बाजूला होता, चार मैलांवर, मधे अख्खं शहर. काही झालं असतं तर इथं काय कळणार होतं? एक कुत्रं भुंकलं. खाली कुणी तरी गालिचा झटकत होतं, धप, धप, आणि प्रत्येक झटक्याला सुनेच्या मानेची शीर हलत होती. पाचला दहा कमी असताना फोन वाजला. भाऊ होता. म्हणाला, दाजी परत आले, साहेबाशी काही तरी वाजलं, भट्टी उशिरा पेटली, का गं, एवढे फोन का केलेस? सून म्हणाली, काही नाही, जेवायला ये. आणि फोन ठेवून टेबलावर डोकं टेकून रडली. म्हातारीनं हात पुढे केला. सुनेच्या केसांपर्यंत नेला, आणि कुठे काही पेटलेलं आहे का ते बघत असल्यासारखा थोडा वेळ वरच्यावर धरून परत घेतला.

मुलगा सहा वाजता आला. शर्टाची पुढची बाजू काळी होती, कोपर सोललं होतं. बेसिनपाशी उभा राहून त्यानं हात धुतले, दुपारी धुतले होते तसेच, पण पाणी जास्त वेळ सोडलं.

“चौथा चांगला होता,” तो म्हणाला.

तिला आधी काही कळलं नाही. मग कळलं. चांगला होता. झाकण घातलं तेव्हा गप्प बसला होता. दहा हजारांतले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. तिनं तेहेतीस वर्षं जे दातांखाली धरून ठेवलं, ते एका धडधाकट डोळ्यासाठी थुंकून मोकळी झाली होती. तिच्या मनात आलं, फुकट गेलं. आणि लगेच मनात आलं, हे मनात कसं आलं. सून विचारत होती, साहेब काय म्हणाला. तो म्हणाला, कागद फाडला, पुढे माझी सही चालणार नाही, दुसरा कुणी करेल, मी बसवायचं तेवढं. हे तो पावसापाण्याविषयी बोलावं तसं बोलला. मग टॉवेल खुंटीला लावला, नीट, दोन्ही टोकं जुळवून.

“आणि आई, यापुढे जेवायला माझी वाट बघत जाऊ नकोस.”

तो आत गेला. त्याच्या मागोमाग सून गेली. दार लागलं, आपटलं नाही, नुसतं लागलं. ती स्वयंपाकघरात एकटी राहिली. दुपारी वाढून झाल्यावर भातात रोवलेला डाव तसाच उभा होता, कुणी काढला नव्हता. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे आत्ता तिच्या लक्षात आलं, आणि आता ते कुणाला सांगायचं नव्हतं. तिनं आपलं पान आपण वाढून घेतलं. चहासाठी किटली गॅसवर चढवली. पश्चिमेचं ऊन सरळ शेगडीवर येत होतं, त्या उजेडात ज्योत दिसत नव्हती. तिनं सवयीनं झाडूची एक काडी मोडून पुढे धरली. काडी पेटली. बरं, आहे.

घास तोंडात घातला, गार होता, चावत राहिली. मुलाला सगळं सांगितलं होतं. भांडण सांगितलं, उंबरा सांगितला, हाक सांगितली. आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बापाबद्दलच असणार. तिनं मान खाली घातली. त्या सकाळी उंबऱ्यावर उभी असताना, तो रुमाल बघत असताना, तिला चौथ्या खोलीतून एक शीळ ऐकू आली होती. बारीक. पलीकडच्या शेडमध्ये वाफेची टाकी होती. वाफ असणार, असं ती स्वतःला तेव्हा म्हणाली, आणि तेहेतीस वर्षं म्हणत आली होती, इतक्यांदा की आता तिला कधी कधी नुसती वाफच आठवायची.

शेगडीवर किटलीनं शीळ घातली. ती घास तसाच तोंडात धरून ऐकत बसली. शेवटपर्यंत, पाणी आटत आलं तरी उठली नाही. वाफेची शीळ ओली असते. त्या सकाळची कोरडी होती.